प्रभारी देव

"ही न्हाणी आहे की उभं कपाट? तोंड कुणीकडे करायचं ते बाहेरच ठरवून आत शिरायला हवं. एकदा चुकलं की मग तसंच उभं राहा!"

दार बंद होतं, तरी वन्संचं पुटपुटणं खोलीत स्वच्छ ऐकू येत होतं. येणारच. पलंग आणि न्हाणीचं दार यांच्यामध्ये रेडिओचे दोन गुडघे कसेबसे मावत होते, एवढीच ती खोली. हॉटेलच्या फोटोत हीच खोली मैदानासारखी दिसली होती. फोटो काढणारा बहुतेक खिडकीबाहेर लोंबकळत असावा.

"नळ डावीकडे आहे, वन्सं," रेडिओ म्हणाली.

"मला माहीत आहे नळ कुठे आहे तो," आतून उत्तर आलं आणि पाठोपाठ काहीतरी पडल्याचा आवाज. मग, "इथली साबणाची वडी फार चपळ आहे बाई."

एरवी रेडिओ खो खो हसली असती. आज ती दाराच्या कडीकडे नुसती बघत राहिली.

रेडिओ हे तिचं सासरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव वेगळं होतं, पण ते त्या ताटातच राहिलं. नवी नवरी उंबरा ओलांडून आत आली ती बोलतच, आणि आठवडा झाला तरी थांबेना, तेव्हा थोरल्या नणंदेनं तिचं पुन्हा बारसं केलं. पुढच्या खोलीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. हिची शिलाई मशीन आणि हिची जीभ एकाच पायानं चालतात, असं वन्सं म्हणायच्या. "रेडिओ, आवाज कमी" हे वाक्य त्या घरात "चहा टाक"इतकंच रोजचं होतं.

वन्सं भूगोलाच्या बाई. मुलींच्या शाळेत सगळी नोकरी झाली. रंगीत खडूंनी त्या फळ्यावर ज्वालामुखी काढायच्या, नदीचं मुख काढायच्या, पण त्यांचा हात खरा रमायचा तो हिमनदीत. पांढऱ्यावर निळा खडू आडवा फिरवायच्या आणि अंगठ्यानं हलकेच पुसून भेगा पाडायच्या. तो फळा पुसायला मुलींचा जीव धजत नसे. एवढं जग काढून दाखवणाऱ्या बाई स्वतः मात्र पेपर तपासायला जिल्ह्याला जायच्या, तेवढाच त्यांचा प्रवास. आईवडील लवकर गेले, धाकटा भाऊ पदरात पडला, त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, आणि मग लग्नाबरोबर आलेला हा रेडिओ. "जन्मात एक हिमनदी बघायची आहे," वन्सं कधीतरी म्हणायच्या. "इतकी वर्षं मुलींना खोटं तर शिकवलं नाही ना, एवढं पडताळून यायचंय."

मग डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, की नजर कडेकडेनं मिटत चालली आहे. गेलेली परत येणार नाही. उरलेली किती टिकेल, सांगता येत नाही.

त्या दिवसापासून घरातून 'डोळे' हा शब्द हद्दपार झाला. डोळ्यांत घालायच्या औषधाला सगळे 'ते थेंब' म्हणू लागले, जणू ते झाडांना घालायचे होते. भावानं सगळ्यात स्वस्त परदेशवारी शोधून काढली, ज्यात शेवटी का होईना, एक हिमनदी होती. अचानक कसं सुचलं, असं वन्संनी विचारलं, तर म्हणाला, "स्वस्तात मिळाली, ताई." घाई कशाची, हे त्याला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, आणि बहिणीला तर सगळ्यांच्या आधीपासून माहीत होतं. पण बोललं कुणीच नाही. निघताना त्यानं बायकोला तेवढं बजावलं, "तोंडाला कुलूप लाव. ताईच्या मनाला लागेल असं काही निघायला नको."

आता बोलायच्या सवयीच्या तोंडाला कुलूप लावायचं म्हणजे एकच शब्द आत ठेवून चालत नाही. तो एक शब्द दारात अडून बसला, की मागच्या शब्दांना वाटच उरत नाही. विमानात बसल्यापासून रेडिओ जवळजवळ बंदच होती.

"सेल संपले वाटतं," वन्सं दोनदा म्हणाल्या होत्या.

त्यात बॅगेचं झालं. विमान स्वस्तातलं, त्यामुळे हातातल्या पिशवीचंसुद्धा वजन करणारं. काउंटरवरच्या मुलीनं मान हलवली, मागची रांग खाकरायला लागली. घाबऱ्याघुबऱ्या रेडिओनं पिशवीतली सगळ्यात जड वस्तू उपसली आणि मोठ्या बॅगेत कोंबली. ती वस्तू म्हणजे वन्संचा पूजेचा डबा. देव बोटभर, पण डबा अस्सल पितळेचा. मग एक विमान बदललं, दुसरं बदललं, आणि उतरल्यावर सामानाचा पट्टा रिकामा फिरून फिरून थांबला, तरी बॅग काही आली नाही.

"डबा तुझ्या पिशवीत आहे ना?" वन्संनी विचारलं होतं.

"मोठ्या बॅगेत."

"आणि ते थेंब?"

"ते माझ्या पर्समध्ये."

वन्संनी मान डोलावली. "वा. देव बॅगेत आणि थेंब हातात. तुझा भरवसा कुणावर आहे ते कळलं." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

न्हाणीचं दार उघडलं. वन्सं भिंतीला हात लावत बाहेर आल्या आणि पलंगावर टेकल्या. पूजेशिवाय त्यांनी आयुष्यात चहा घेतला नव्हता. टेबलावर चहाची किटली वाफ सोडत होती आणि दोघी तिच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघत होत्या.

"माझ्यामुळे देव हरवला," रेडिओ म्हणाली.

"कोण हरवलंय ते आधी ठरवू या," वन्सं म्हणाल्या. "जन्मभर ताम्हणात बसून होता बिचारा. फिरतोय कुठल्यातरी पट्ट्यावर. बघू दे त्यालाही जग. आपल्यासारखंच त्यालाही स्वस्तातलं तिकीट मिळालं, त्याला कोण काय करणार?" मग त्यांनी मांडीवरचे दोन्ही तळवे उलटे-सुलटे केले. "सकाळचे हात तेवढे रिकामे वाटतात गं."

हे मात्र रेडिओला टोचलं. तिनं पर्स पलंगावर उपडी केली. रिळं, सुया, टेप, कात्री नाही, कारण ती विमानतळावरच काढून घेतली होती. आणि तळाशी ती सापडली, शिवताना बोटात घालायची पितळी टोपी. रेडिओनं ती पुसली, बशीत उभी केली आणि बशी वन्संच्या हातात दिली.

वन्संनी बोटांनी चाचपलं. "हे काय?"

"माझी टोपी. पितळेचीच आहे," रेडिओ म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. "नाही चालणार ना?"

वन्संचा अंगठा टोपीवरच्या बारीक खळग्यांवरून फिरत राहिला. "केवढ्या टोचल्याच्या खुणा आहेत याच्या अंगावर. सोसलेला दिसतोय. चालेल की. आमच्या शाळेला कायमचे मुख्याध्यापक कधी मिळालेच नाहीत. प्रभारींनीच शाळा चालवली, आणि बरी चालवली. कायमचे येईपर्यंत हे प्रभारी."

प्रभारींना चूळ भरायच्या पेल्यातल्या पाण्यानं स्नान झालं. चहाबरोबरच्या साखरेच्या पुडीचा नैवेद्य झाला. घरी पूजेच्या वेळी रेडिओ नेहमी मशीनवर असायची. देव म्हणजे वन्संचं खातं, असं ती समजायची. आज जागाच नव्हती म्हणून ती शेजारी बसली, आणि बसलीच आहे म्हणून हात जोडले. कुणाला? स्वतःच्याच टोपीला. तिला एकदम हसू फुटलं. हसता हसता ती मनात म्हणाली, कायमच्यांना लवकर बोलावून घ्या, आणि हिमनदी येईपर्यंत वन्संचे... पुढचं तिनं मनातसुद्धा पुरं केलं नाही.

पुढचे दिवस स्वस्तातले होते तसेच गेले. एका हॉटेलात दिवा लावला की हीटर बंद पडायचा, म्हणजे उजेड हवा की ऊब ते ठरवायचं. बसचं दार वळणावर आपोआप उघडायचं. शेजारी बसलेल्यानं ते धरून ठेवायचं, आणि ती पाळी रोज बदलायची. वन्संना घालायला कपडे नव्हते. रस्त्यावरच्या ढिगातून पुरुषी मापाचा एक ओव्हरकोट घेतला आणि रेडिओनं बसमध्ये बसल्या बसल्या तो उसवून त्यांच्या मापाचा केला. वन्सं त्यात निवृत्त फौजदारासारख्या दिसत होत्या. आणि रोज सकाळी प्रभारींची पूजा न चुकता होत होती. रेडिओ आता आपणहून शेजारी बसत होती.

हिमनदीच्या दिवशीच सकाळी, सगळे बसमध्ये चढल्यावर फोन आला, की बॅग सापडली आहे. विमानतळाजवळच्या सामान-कचेरीत येऊन घेऊन जा. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना पुढच्या गावी जायचं होतं.

सहलीच्या माणसाला सगळे झेंडा म्हणायचे, कारण तो काठीला बांधलेला झेंडा झोपेतही सोडत नसावा. झेंडा म्हणाला, "मावशी, एक काय ते ठरवा. बॅग, नाहीतर ग्लेशियर. बस थांबणार नाही."

"बॅग जाऊ दे खड्ड्यात," रेडिओ म्हणाली.

"देव आहे त्यात," वन्सं म्हणाल्या.

"प्रभारी आहेत ना!"

"म्हणून काय कायमच्यांना कुणी आणायलाच जायचं नाही?"

"अहो, पण हिमनदी राहील!"

"हिमनदी कुठे पळून जात नाही. ती फार हळू सरकते. मी शिकवलंय."

"ती नाही हो पळत, पण तुमचे..." रेडिओनं दातांखाली जीभ दाबली.

झेंडा झेंड्याकडे बघू लागला. पुढच्या बाकावरच्या बायका पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. पहिल्याच दिवशी जिन्यावर वन्संनी कठड्याऐवजी हवेत हात टाकलेला सगळ्यांनी पाहिला होता, आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं होतं.

"माझे काय?" वन्संनी विचारलं.

"तुमचे... पाय गारठतील. दुपारनंतर थंडी वाढते."

"मग मोजे घालीन," वन्सं म्हणाल्या आणि कोटाची बटणं लावत खाली उतरल्या.

सामान-कचेरी म्हणजे एक लांबलचक खोली. भिंतीला लोखंडी मांडण्या, त्यावर हरवलेल्या बॅगा, लग्नाच्या पंगतीत खोळंबलेल्या पाहुण्यांसारख्या. काउंटरवर चष्म्यातली एक बाई डबा उघडून जेवायच्या तयारीत होती. रेडिओनं मोबाइल पुढे केला. त्यात मराठी बोललं की तो तिकडची भाषा बोलायचा.

बाईनं काहीतरी विचारलं. मोबाइल पुरुषी आवाजात म्हणाला, "हरवलेल्या वस्तूचे नाव सांगा."

"देव," रेडिओ म्हणाली.

मोबाइलनं काय सांगितलं ते तोच जाणे. बाईनं जेवण झाकलं, काउंटरला वळसा घालून बाहेर आली, अत्यंत मायेनं वन्संचा हात धरला आणि दोघींना बोळाच्या टोकाशी नेऊन एका शांत खोलीत बसवलं. खोलीत खुर्च्या होत्या, एक फुलदाणी होती. प्रार्थना करणाऱ्यांसाठी ठेवलेली खोली.

"बरी आहे गं बाई," वन्सं म्हणाल्या. "देव हरवला म्हटल्यावर आमच्याकडे अर्ज मागितला असता."

शेवटी रेडिओनं हातवारे केले. बोटभर उंची दाखवली, आंघोळ घातली, गंध लावलं, घंटा वाजवली. बाईचा चेहरा उजळला. तिनं आतून बॅग ओढत आणली. चेन फाटून बॅग उघडी पडली होती. डबा चेपला होता आणि रिकामा होता. मग तिनं एक प्लॅस्टिकचा ट्रे आणला. फाटलेल्या बॅगांमधून गळलेल्या लहानसहान वस्तू त्यात गोळा केल्या होत्या. कुलपं, किल्ल्या, बाटली उघडायचे चाप, शोभेची चिमुकली माणसं, घोडे, देवदूत.

रेडिओ वाकून शोधू लागली. तेवढ्यात वन्संचा हात ट्रेमध्ये उतरला. मान सरळ, चेहरा समोरच्या भिंतीकडे. बोटं मात्र गर्दीतून ओळखीचं माणूस शोधावं तशी फिरत होती. "हा नव्हे... ही किल्ली... हा कोण, घोडा? बस बाबा तू." आणि मग बोटं थांबली. अंगठा एका इवल्याशा नाकावर टेकला.

"सापडला. नाक बघ, गुळगुळीत. निम्मं आईनं झिजवलं, निम्मं मी."

रेडिओच्या डोळ्यांतून पाणी आलं. देव मिळाल्याचं तर होतंच. पण वन्संची बोटं इतकी तरबेज कधीपासून झाली, हा हिशेब आत्ता तिच्या डोक्यात जुळत होता. घरची पूजाही वन्सं अशा बोटांनीच चाचपत करत असणार, त्याला किती काळ झाला असेल?

बाईनं सहीसाठी कागद पुढे केला. वन्संनी पेन घेतलं आणि झोकदार सही केली, कागदाच्या बाहेर, काउंटरच्या लाकडावर. बाईनं रेडिओकडे पाहिलं. रेडिओनं एका बोटानं कागद पेनाखाली सरकवला. "इथे अजून एक हवी आहे, वन्सं." दुसरी सही कागदावर पडली. मग रेडिओनं मोबाइलमधला हिमनदीचा फोटो बाईला दाखवला आणि बस निघून गेल्याची खूण केली.

बाई जेवणाचा डबा तसाच सोडून मागच्या दाराकडे गेली आणि एका ड्रायव्हरला घेऊन आली. त्याच्या गाडीत सापडलेल्या बॅगा भरलेल्या होत्या, ज्याच्या त्याच्या हॉटेलात पोचवायच्या. बाईनं नकाशावर बोट ठेवलं. एक बॅग पार हिमनदीच्या पायथ्याच्या हॉटेलात जायची होती. ड्रायव्हरनं माणसं न्यायला ठाम नकार दिला. बाईनं खणातून सामानाला बांधायच्या दोन चिठ्ठ्या काढल्या, त्यावर पत्ता खरडला आणि एक वन्संच्या कोटाच्या बटणाला, एक रेडिओच्या पदराला अडकवली. ड्रायव्हर हसला. मग काय, सामानच झालं ते.

"आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यावर पत्ता लिहिला," वन्सं गाडीत चढताना म्हणाल्या.

ड्रायव्हरशेजारच्या बाकावर दोघी दाटीवाटीनं बसल्या, मागं बॅगा प्रत्येक वळणाला एकमेकींवर आदळत होत्या. वन्संच्या एका मुठीत देव होता. दुसऱ्या हातात त्यांनी टोपी मागून घेतली होती. प्रभारींना एकदम कामावरून काढणं बरं दिसत नाही, म्हणाल्या.

"बाहेर काय आहे?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

बाहेर काय नव्हतं! रेडिओच्या जिभेवर सगळं एकदम आलं. धुतलेल्या मलमलीसारखं धुकं, डोंगराच्या कडेला बेतून लावलेल्या काठासारखा रस्ता, वरून सुटलेला झऱ्याचा दोरा. पण सांगितलं तर सांगावं लागलं, असं होईल. आणि सांगावं लागलं म्हणजे...

"डोंगर आहेत," ती म्हणाली.

"कसले?"

"मोठे."

"सेल नक्कीच संपलेत," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

पायथ्याशी गाडी थांबली. ड्रायव्हरनं चिठ्ठ्या सोडवून घेतल्या, सामान मिळाल्याची सही वन्संकडूनच घेतली आणि सलाम ठोकून गेला. लाकडी पायवाटेवरून दोघी वर चढल्या. कठड्यापाशी चिटपाखरू नव्हतं. यांची बस अजून आलेलीच नव्हती. ती आली तेव्हा झेंडा धापा टाकत पुढे आला आणि जागीच थबकला.

"मावशी? आमच्या आधी? आम्हाला तर शॉपिंगनंच..."

"आम्ही सामानाबरोबर आलो," वन्सं म्हणाल्या. "सामानाला कुणी शॉपिंगला उतरवत नाही!"

सगळे खदखदून हसले. आख्ख्या सहलीत इतकं कुणी हसलं नव्हतं. त्या हसण्यातच वन्संनी एक बोट ओठाला लावून ओलं केलं आणि वर धरलं. बोट थोडं फिरवलं. थांबल्या.

"बर्फावरची हवा गार आणि जड असते. ती उतारानं खाली वाहते. म्हणजे हिमनदी," हात लांब झाला, "तिकडे."

नेमकी तिकडेच होती. दोन डोंगरांच्या मधून उतरलेली, अजस्र, निळीपांढरी. तेवढ्यात वर कुठेतरी खोल कडाड आवाज झाला आणि दरीभर घुमला.

"ऐकलंत? भेग पडली. सरकतेय ती," वन्संचा चेहरा फुलून आला होता. "मी खोटं शिकवलेलं नाही!"

सगळे वर्गासारखे भोवती उभे राहिले. वन्सं सांगत होत्या, बर्फाचे थर कसे दाबले जातात, निळा रंग कुठून येतो, वाटेतले दगड ही नदी कशी गोळा करत आणते. कुणी फोटो काढायचंही विसरलं. आणि त्या भरात झेंडाच बोलून गेला, "किती सुंदर दिसतंय ना, बाई?"

मग त्याचं त्यालाच कळलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. रेडिओ पुढे सरसावली, थंडीबद्दल, मोज्यांबद्दल, काहीतरी बोलून टाकायला. वन्संनी तिचा हात पकडला, पितळी टोपी तिच्या तळव्यावर ठेवून बोटं मिटवली, आणि आपली देवाची मूठ कठड्यावर ठेवली.

"मला दिसत नाही," वन्सं म्हणाल्या. आवाज हजेरी घेतानाचा, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "उजेड कळतो तेवढा, बाकी काही नाही. घर सोडलं तेव्हाही फारसं दिसत नव्हतं. तुझ्या नवऱ्याला सांग. आणि आता रडू नकोस, वेळ जातो. इतक्या लांब मी तुला गप्प बसवायला आणलेलं नाही. वरच्या टोकापासून सुरू कर, एक भेगसुद्धा सोडायची नाही. रेडिओ, आवाज मोठा."